तीन राज्यांचे अध्यक्ष आणि माझा अंगठा

परवा नातवाने पेपर वाचून दाखवला. कुठल्याशा खेळाच्या जागतिक महासंघाला नवा अध्यक्ष मिळाला म्हणे. फोटोत एक गृहस्थ कोट घालून बसलेले, मागे रंगीबेरंगी झेंडे. नातू म्हणाला, "आजी, ह्या एका माणसाच्या शब्दावर साऱ्या जगातले देश खेळतात." मी चष्मा लावून फोटो नीट निरखला आणि म्हणाले, "त्याच्या मागं कोण बसलंय ते दिसंना झालंय."

नातू हसला. म्हातारीची अक्कल नाठी झाली असं त्याला वाटलं असणार. पण असलं पद आमच्या घरात होतं, आणि ते कसं चालतं हे त्या पेपरवाल्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. त्याच्या आजोबांचं नाव मी आयुष्यात घेतलं नाही, आता उतारवयात तरी कशाला घ्यायचं? तेव्हा "हे" म्हणते, तुम्ही समजून घ्या.

आमचं गाव करजगीच्या पुढं, मुलखाच्या अगदी कडेला. गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. ओढा ओलांडला की अक्कलकोट संस्थान. मावळतीला दोन शेतं चालून गेलं की इंग्रजांचा मुलूख. यांच्या जमिनीचं तर असं झालं होतं की घर निजामाचं, विहीर संस्थानची आणि खळं इंग्रजांचं. सकाळी तांब्या घेऊन निघालेला माणूस तोंड धुवायला परमुलखात जायचा आणि न्याहारीला परत मायदेशी यायचा.

ज्वारीच्या राशी झाल्या, रानं मोकळी झाली की तिन्हीकडचे गडी शिवेवर हुतुतू खेळायला जमत. खरं सांगायचं तर भांडायला जमत, मधून मधून हुतुतू होई. कारण तिन्ही राज्यांचे नियम वेगळे. आमच्या मोगलाईत बाद झालेला गडी बाहेर बसे, आणि आपल्याकडच्यांनी समोरचा एक मारला की उठून परत आत येई. इंग्रजांकडं एकदा बाद तो बाद, सगळा डाव आटपेपर्यंत त्यानं बाहेर माशा मारायच्या. आणि संस्थानात बाद झालेला बाहेर जातच नसे. नुसते गुण मोजायचे आणि खेळत राहायचं. कुणाचा मेला उठतो नि कुणाचा उठत नाही यावर डोकी फुटायची, मग त्या डोक्यांना हळद लावायला आम्ही बायका होतोच.

शेवटी सोलापुराकडचे एक मास्तर आले. त्यांनी सगळ्यांना खाली बसवून तीन राज्यांचं एक हुतुतू महामंडळ काढलं. मंडळ म्हटलं की अध्यक्ष आला. मोगलाईचा नको, असं दोघं म्हणाले. इंग्रजांकडचा नको, असं दुसरे दोघं म्हणाले. तिघांनाही सारखाच परका असा माणूस पाहिजे होता. हे तिन्ही सरकारांना सारा भरत आणि तिन्हीकडच्या चपराशांच्या शिव्या खात, तेव्हा यांच्याइतका परका कोण? शिवाय हे कधी खेळले नव्हते. लहानपणी एकदाच मैदानात उतरले, पहिल्याच चढाईत धोतर सुटलं, ते पुन्हा रेघेकडं फिरकले नाहीत. मास्तर म्हणाले, "असा तटस्थ माणूस शोधून सापडणार नाही." घरी येऊन यांनी आरशात स्वतःकडं पाहिलं आणि मिशीला तूप लावलं.

पहिला पेच खुर्चीचा पडला. आमच्या पाटलाची खुर्ची आणली तर बाकीचे म्हणणार, अध्यक्ष मोगलाईच्या खुर्चीत बसले. मग यांनी आमची छपराची गाडी तीन शिवा मिळतात त्या दगडापाशी नेऊन सोडली. एक चाक निजामाच्या राज्यात, एक इंग्रजांच्या, पुढची जोखडाची बाजू संस्थानात. गाडीच्या तोंडाशी हे बसले, फेटा बांधून, मैदानाकडं तोंड करून. मागं छपराखाली आम्ही घरच्या बायका, मध्ये एक जुन्या लुगड्याचा पडदा. मोगलाईत चार माणसं जमली की सरकारला खाज सुटायची, म्हणून घोड्यावरून निजामाच्या पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला आले. त्यांनी विचारलं, "ये कायके सदर हैं?" सदर म्हणजे अध्यक्ष. कुणीतरी म्हणालं, "हुतुतूके, साब." अमीनसाहेबांनी यांना फेट्यापासून जोड्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तो फिर बैठो." सरकारमान्यता मिळाली ती इतकीच.

आता घरचं गुपित. हे बहिरे होते. लहानपणी पोहताना डावा कान फुटला तो गेलाच, आणि उजवा होता मर्जीचा. "जेवायला चला" ऐकू यायचं, "विहिरीत पडलेला पोहरा काढा" यायचं नाही. आणि हुतुतू तर सारा कानाचा खेळ! गडी एका दमात हुतुतू म्हणत पलीकडं जातो, दम न तोडता परत येऊन रेघेला शिवतो. दम तुटला की बाद. तुटून पुन्हा धरला तरी बाद. तो तुटला की नाही हे ऐकायला तीन राज्यांनी मिळून एक बहिरा माणूस निवडला होता, आणि ह्या गृहस्थांनी मान हलवून ते पद घेतलं होतं. पुरुषांना पद मिळालं की आपल्याला ऐकू येत नाही हे सांगायची बुद्धी जाते.

पहिल्याच सामन्यात एका गड्याचा दम तुटून जमाना झाला, तो मधोमध उभा राहून धापा टाकतोय, लोक बोंबलतायत, आणि अध्यक्ष शांतपणे मिशी कुरवाळत बसलेले. मला आतून इतका संताप आला की पडद्याखालून पाय सरकवला आणि अंगठ्यानं यांच्या पाठीत हाणलं. हे ताडकन उठले आणि, बायको हाणतेय म्हणजे दमच तुटला असणार असं धरून, ओरडले, "तुटला! गडी बाद!" लोक थक्क झाले. कारण तोवर तो पहिला गडी निघून गेला होता, इंग्रजांकडचा दुसरा एक गडी चढाईला आत आला होता आणि त्याचा दम खरोखरच त्या क्षणी तुटला होता.

तिथून आमचा कारभार सुरू झाला. चढाई चालू असली की माझा अंगठा यांच्या पाठीला हलका टेकलेला असायचा, म्हणजे दम चालू आहे. दाबला की तुटला. पलीकडचे कानडी गडी हुतुतूच्या जागी दुसरंच काहीतरी पुटपुटायचे, त्यावर तंटा झाला तेव्हा यांनी निवाडा दिला, "शब्द कंचा बी असू दे, मधी खंड नगं." लोकांनी वाहवा केली. यांना शब्द ऐकूच येत नव्हता, दुसरा निवाडा देणार तरी कुठला? पण कीर्ती पसरली. अध्यक्षांचे कान हरणाचे आहेत, असं ओढ्यापलीकडं बोललं जाऊ लागलं. ते मी विहिरीवर ऐकलं आणि कळशी हातातून सुटायची राहिली.

अडचण एकच होती. नवऱ्याला पाय लावणं म्हणजे पाप. तेही चुकून नव्हे, ठरवून, भर मैदानात, तीन राज्यांच्या साक्षीनं. मग मी असं ठरवलं की खेळ संपला, लोक पांगायला लागले की गाडीतून उतरायचं आणि यांच्या पायावर डोकं ठेवायचं. केलेलं पाप जागच्या जागी फेडायचं, उधार ठेवायचं नाही. बाया बघायच्या आणि हळहळायच्या, "किती गं बाई पतिव्रता! नवरा खेळ बघून उठला तरी पाया पडायलीय." हे वरून आशीर्वाद द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "आज लई जोरात हाणलीस."

असं चांगलं चाललं होतं. मग आमच्या लेकीचं लग्न मध्ये आलं.

स्थळ इंग्रजांकडचं होतं. पाण्याखालची जमीन, दारात दोन बैलजोड्या, आणि मुलगा त्यांच्या संघाचा पहिल्या नंबरचा चढाईवाला. त्याचे वडील महामंडळाचे उपाध्यक्ष. माझं माहेर त्यांच्या शेजारच्याच गावी, तेव्हा पोर माझ्या माणसांत जाणार. आणि खरं सांगायचं तर मला लेक मोगलाईबाहेर द्यायची होती. मी इंग्रजांकडं चौथीपर्यंत मराठी शिकले होते. आमच्या गावात शाळा नव्हती, होती तिथं उर्दूत शिकवत. माझ्या नातवंडांनी तरी आपल्या बोलीत बाराखडी म्हणावी, रात्रीबेरात्री घोड्यांच्या टापा वाजल्या तर दारं लावून बसू नये, एवढीच माझी हाव होती. त्या हावेपायी मी वर्षभर उपाध्यक्षांच्या बायकोला लोणची पाठवत होते. लेकीला विचारलं का? नाही. तेव्हा विचारत नसत. तिनं मुलाला सामन्यात दोन-तीनदा बघितलं होतं, ते काय कमी होतं, असं मी समजून चालले होते.

ठरलं असं की त्या सालचा शेवटचा सामना झाला की तिथंच, शिवेच्या दगडापाशी, सुपारी फोडायची. मी सुपारी, नारळ, खण सगळं परडीत घालून गाडीत घेऊन बसले. शेजारी लेक, नवं लुगडं नेसून, गुडघे पोटाशी घेऊन.

सामना आमचा आणि इंग्रजांचा. नियम दर साली पाळीपाळीनं एकेकाचे असत, त्या साली त्यांचे होते, म्हणजे मेला तो मेला. सुरुवातीलाच आमच्याकडचा एक गडी हकनाक गेला. हा पोरगा लांब औरादकडचा, चिंताकीचा. करजगीत मामाच्या शेतावर राहायचा, तेलुगू मिसळून मराठी बोलायचा. खेळायला यथातथाच. पलीकडच्या गड्याचं बोट त्याच्या पाठीला जेमतेम लागलं. कुणी बघितलं नाही, त्या गड्यालाही कळलं नाही. हा शहाणा आपणहून म्हणाला, "शिवला मला," आणि जाऊन बाहेर बसला. आमच्या लोकांनी त्याला अशा शिव्या दिल्या की पडद्याआड मी कानावर हात ठेवले. आमचा म्होरक्या म्हणाला, "असला हरिश्चंद्र आपल्यातच कामून जल्माला येतोय?" मीही हसले. लेक हसली नाही, तेव्हा माझं तिकडं लक्ष नव्हतं.

डाव चढत गेला. शेवटी आमचे दोन उरले, आणि पलीकडून होणारे जावई चढाईला आले. काय आला तो! मांडीवर थाप मारून, छाती काढून. एकाला शिवला, परत फिरला, तेवढ्यात दुसऱ्यानं त्याचा घोटा धरला. हा पडला, तो वर पडला, धूळ उठली. दोघं लोळत लोळत आमच्या गाडीच्या चाकापाशी आले. ढिगाऱ्यातून हुतुतू ऐकू येत होतं, बारीक होत होत चाललं होतं. आणि थांबलं. स्पष्ट थांबलं. एक श्वास त्यानं आत ओढला, तो पाणी शेंदताना रहाट करकरावा तसा मी ऐकला. मग पुन्हा हुतुतू सुरू झालं, हात लांबला, रेघेला शिवला, आणि जावईबापूंनी दोन्ही हात वर केले.

"तुटला, तुटला!" आमचे ओरडले. "न्हाई तुटला!" त्यांचे ओरडले. मग सगळे गाडीकडं बघायला लागले. तीन राज्यांची माणसं आणि मध्ये यांची पाठ.

माझा पाय यांच्या पाठीवर होता. दाबायचा म्हणजे मांडीवरची परडी लोटून द्यायची. नाही दाबला तर हे "चालू" म्हणणार, डाव त्यांचा, सुपारी फुटणार, पोर सुटणार. मी काय केलं ते सांगते, आणि त्याची मला लाज नाही, ज्या आईला वाटत असेल तिनं वाटून घ्यावी. मी पाय काढून घेतला. चांगला पोटाशी, लुगड्याच्या आत ओढून घेतला आणि देवाचं नाव घेत बसले.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक पाय पुढं गेला. पैंजणाचा. पडद्याखालून सरकला आणि बापाच्या पाठीत असा बसला की गाडी हलली. ह्या पोरीला आमचं गुपित ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

हे उठले. "तुटला! गडी बाद!"

उपाध्यक्ष पुढं आले. आवाज न चढवता म्हणाले, "अण्णा, घरचाच गडी हाय. जरा इचार करून बोला."

यांना ते ऐकू गेलं की तोंडावरून कळलं, देव जाणे. म्हणाले, "गाडीत बसलो की मला घर न्हाई."

"मग सुपारी बी बाद," ते म्हणाले, आणि उपरणं झटकून निघाले. मुलगा अंगावरची माती झाडत उभा होता. एक शब्द बोलला असता, "व्हय, तुटला व्हता," तरी सगळं निभावलं असतं. यांनीच त्याला मिठी मारली असती. पण तो खाली बघत बापाच्या मागं चालू लागला. आमचे लोक नाचत होते, आणि मी परडीतल्या नारळाकडं बघत बसले होते. तो नारळ पुढं चटणीत गेला.

गाडी गावाकडं निघाल्यावर मी पोरीवर तुटून पडले. पुढं हे बैल हाकत होते, त्यांना ऐकू जायची भीती नव्हती.

"कामून केलीस गं असं? वरीसभर मी त्येंच्या उंबऱ्याला लोणची वाहिली ती ह्याच्यासाठी का?"

"माय, त्येचा दम तुटला व्हता."

"मला बी ऐकू आलं! मी काय भैरी हाय का?"

"तुला आलं, मला आलं, मंग त्येला आलं नसंल व्हय? सोताचाच दम हाय. तरी हात वर करून हुबा ऱ्हायला." मग म्हणाली, "आन् मला जल्मभर त्येच्या घरात ऱ्हायचंय. तितं मागं बसून कुणाच्या पाठीत पाय घालू?"

मी परडी उचलून गाडीच्या कोपऱ्यात सारली. घरी उतरल्यावर तिनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं, पाय लावला म्हणून. मी त्या दिवशी पाया पडले नाही. रागात होते, आणि तसंही माझ्या पायानं काही केलं नव्हतं.

पुढच्याच साली तिचं लग्न झालं, त्या चिंताकीच्या हरिश्चंद्राशी. ह्या वेळी विचारलं. मोगलाईबाहेर तर नाहीच, उलट मोगलाईच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, बैलगाडीनं जायचं म्हणजे हाडं खिळखिळी. मी खूप रडले, आणि ते काही सगळंच आनंदानं नव्हतं. आजही तो जावई पत्त्यात हरला की समोरच्याच्या आधी स्वतःच सांगतो. घर कसं चालवतो कुणास ठाऊक, पण माझी पोर सुखात आहे, हे मला तिच्या अंगावर चढलेल्या मांसावरून कळतं.

नंतर देशाला स्वातंत्र्य मिळालं, आमच्याकडं ते यायला आणखी वर्ष लागलं. त्या वर्षी शिवेवर कुणी खेळायला गेलं नाही. निजामाच्या माणसांच्या जाचाला भिऊन लोक सामान बांधून रातोरात शिवेपलीकडं जात होते. ज्या उपाध्यक्षांशी आमचं बोलणं बंद होतं, त्यांच्याच गोठ्यात आमच्या गावची चार घरं राहिली, हेही सांगायला पाहिजे. त्यांच्या मुलानं स्वतः गाड्या पाठवल्या. माणूस एका दमावरून ओळखू नये असं मला तेव्हा वाटलं होतं. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं केलं त्येनं. पण माय, मी बी वाईट केलं न्हाई."

मग पोलीस अॅक्शन झाली. इंग्रज आधीच गेले होते, संस्थान गेलं, मोगलाई गेली. तिन्ही राज्यं बाद झाली आणि यांचं अध्यक्षपद कुठल्याच नियमानं पुन्हा उठलं नाही. गडी खेळायला जमले, पण आता सगळे एकाच देशाचे, परका माणूस कुणाला लागेना. गावच्या मास्तरानं शिट्टी आणली. यांची गाडी खळ्यात पडून राहिली, कोंबड्या छपराखाली अंडी घालायला लागल्या. हे त्या गाडीच्या तोंडाशी जाऊन बसत, फेटा न बांधता. मला ते बघवत नसे. चेष्टा मी जन्मभर केली, पण त्या माणसाला त्या जागेची हौस होती आणि त्यानं त्या जागेशी कधी बेइमानी केली नाही.

एकदा मी ताक घेऊन गेले आणि शेजारी बसले. उजवा कानही तोवर गेल्यातच जमा होता. तोंड कानाशी नेऊन ओरडले, "त्या दिशी लेकीचा पाय हाय हे तुम्हाला कळालं न्हवतं व्हय?"

"कळालं की," हे म्हणाले. "पैंजण टोचलं."

"मंग लेकीच्या सांगण्यावर उठलाव? पोरखेळ करायली असती म्हंजी?"

यांनी ताक पिऊन मिशी पुसली. मग म्हणाले, "लेकीच्या पायावर कोण उठतंय? तू पाय काढून घेतलीस तवाच मला कळालं दम तुटलाय म्हणून. उठायलोच व्हतो, तेवढ्यात तिनं हाणलं."

म्हणजे माझी परडी, माझं माहेर, माझी हाव, सगळं ह्या माणसाला पाठीतून कळलं होतं, आणि इतकी वर्षं त्यानं मला एका शब्दानं बोलून दाखवलं नव्हतं.

मी ताकाचा तांब्या खाली ठेवला आणि कोंबड्यांसमोर, खळ्यातच, यांच्या पाया पडले. त्या दिवशी मी यांना पाय लावलेला नव्हता.